सत्तर हजारांत दोन कॉम्प्युटर: कराडमधल्या एका घराची खरेदी

2025 च्या जूनमध्ये ताईचा कराडहून फोन आला. भाचीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल असं दिसत होतं, प्रवेशाचे कॅप राउंड (सरकारी प्रवेश फेऱ्या) अजून व्हायचे होते आणि दाजींनी सत्तर हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. "लॅपटॉप कुठला घ्यायचा, तेवढं सांग," ताई म्हणाली. मी विचारलं, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं काय? तिकडून जरा वेळाने उत्तर आलं, "तो चालतोय की अजून. चालू व्हायला वेळ लागतो एवढंच."

त्या "एवढंच"पायी मी पुढच्या रविवारी कराडला गेलो. मशीन 2013 सालचं. आय-3 3220 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क, वर विंडोज 10. बटण दाबून मोबाइलवर वेळ लावली. डेस्कटॉप दिसायला चार मिनिटं वीस सेकंद, हिशेबाचं टॅली उघडायला आणखी दोन मिनिटं. सगळा वेळ कॅबिनेटवरचा तो छोटा दिवा लुकलुकायचा थांबतच नव्हता, म्हणजे डिस्क अखंड घासत होती. मध्येच कट् असा आवाज यायचा. तो आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना त्याची धास्ती कळेल. दाजींच्या दुकानाचा बारा वर्षांचा हिशेब त्या डिस्कवर होता आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

लॅपटॉपचं विचारायला गेलेल्या माणसाला घरात आधी हे दिसलं. म्हणून मी लॅपटॉपचं बोलणं बाजूला ठेवलं आणि दाजींच्या बिलबुकाचं एक कोरं पान मागून घेतलं. त्यावर चौघांची नावं लिहिली. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: काय काम, कुठे बसून, किती वाजता.

दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. दिवसभराची बिलं दुकानात होतात, पण टॅलीतल्या नोंदी आणि जीएसटीचं काम घरी, संध्याकाळी साडेसात ते नऊ. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरायची, शालार्थ या पगाराच्या पोर्टलचं काम, घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका. हे सगळं ती रात्री नऊनंतर करते, आणि पोर्टल रात्रीच नीट चालतं असा तिचा अनुभव. भाचा आठवीत, त्याला दुपारी तासभर. भाची ऑगस्ट-सप्टेंबरपासून पुण्यात हॉस्टेलवर. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ग्राफिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग आणि असाइनमेंटचा ढीग.

पान भरल्यावर सगळ्यांनाच एक गोष्ट दिसली. घरी राहणाऱ्या तिघांच्या वेळा एकमेकांत अडकत नव्हत्या आणि तिघंही एकाच टेबलाशी बसणार होते. म्हणजे घराला एक डेस्कटॉप पुरत होता. हलणारं मशीन फक्त भाचीला हवं होतं.

टेबलावरचे तीन प्रस्ताव

पहिला प्रस्ताव भाचीचा. मैत्रिणीच्या भावाकडे गेमिंग लॅपटॉप होता, तसा बासष्ट हजारांना मिळत होता. "इंजिनिअरिंगला ग्राफिक्स कार्ड लागतंच," असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवं होतं. त्याच्या पहिल्या दोन वर्षांत वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल असं काही नसतं. ड्रॉइंगच्या ऑटोकॅड सॉफ्टवेअरचं द्विमितीय काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर व्यवस्थित होतं, आणि ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ते मोफत वापरू देते. उलट असं मशीन सव्वादोन किलोच्या पुढे जातं, चार्जरची वीट वेगळी, आणि चार्जर नसेल तर दोन-तीन तासांत बॅटरी बसते. हॉस्टेल ते कॉलेज रोज हे पाठीवर न्यायचं. शिवाय पैसे तिथेच संपले असते आणि कट् वाजणारी डिस्क जागच्या जागी राहिली असती.

दुसरा प्रस्ताव दाजींचा, आणि तो वरकरणी रास्त होता: पस्तीस-पस्तीसचे दोन लॅपटॉप. "पाव्हणं, दोघांना सारखं. भांडण नको." या किमतीत मिळणारी मशीनं मी त्यांना मोबाइलवर दाखवली. बहुतेकांत 8 जीबी रॅम, काहींत ती मदरबोर्डला कायमची डकवलेली, आणि स्क्रीन फिकट. वर अडचण अशी की ताईला आणि दाजींना पंधरा इंची स्क्रीनवर मान वाकवून टॅली आणि पोर्टल बघायला लागलं असतं. दोघांनाही चष्मा आहे.

तिसरा माझाच होता आणि तो मीच मागे घेतला. जुन्या मशीनला दीड हजाराची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकायची आणि उरलेले सगळे पैसे लॅपटॉपला. एसएसडीने जुनं मशीन जागं होतं, हे मी कित्येक घरांत पाहिलंय. पण हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची साधारण आठवी पिढी ही किमान अट ठेवली आहे, आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपणार होता. सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर मिळवायची सोय कंपनीने काढली होती, हे खरं. पण वर्षभरासाठी बारा वर्षांच्या मदरबोर्डवर दुकानाचे हिशेब ठेवायला माझं मन घेईना.

मग मी ज्या विचाराने कुठलीही खरेदी करतो, तोच इथे लावला. आजचा पैसा नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टींवर घालायचा. लॅपटॉपची स्क्रीन, कीबोर्ड, प्रोसेसर, वजन आयुष्यभर तेच राहतात. डेस्कटॉपमध्ये यातलं जवळजवळ सगळं सुटं असतं. म्हणून लॅपटॉप नवा आणि चांगला घ्यायचा, डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला, रिफर्बिश्ड. पंचेचाळीस आणि पंचवीस अशी वाटणी केली.

नावातले आकडे

आम्ही सगळे जुलैत एका शनिवारी पुण्याला गेलो, कराडपासून साधारण 160 किलोमीटर. निघताना भाचीला मी एकच अभ्यास दिला होता: मॉडेलचं नाव विसर, प्रोसेसरचं पूर्ण नाव वाच.

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी ठेवले होते. दोन्हींवर रायझन 5 चा स्टिकर, दोन्ही 7000 मालिकेतले. एकावर 7520यू, दुसऱ्यावर 7530यू. किमतीत नऊ-दहा हजारांचा फरक, आणि विक्रेता स्वस्तातलाच पुढे सरकवत होता. या मालिकेत एएमडीने तिसरा आकडा आतल्या रचनेसाठी ठेवला आहे. 7520यू मध्ये तिसरा आकडा 2, म्हणजे झेन 2, 2019 मध्ये आलेली रचना, आणि चार कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). 7530यू म्हणजे झेन 3 आणि सहा कोअर. पुढचा 7 बघून दोन्ही एकाच वयाचे वाटतात. शिवाय 7520यू ला चालणारी रॅम बोर्डवरच डकवून येते, म्हणजे 8 जीबी घेतली की 8 जीबीच. इंटेलच्या आय-3, आय-5 अशा नावांत पिढी वाचणं सोपं आहे: आय-5 7500 सातवी, आय-5 8500 आठवी, आय-5 1235यू बारावी. हा एक परिच्छेद जरी कुणी मोबाइलमध्ये जपून ठेवला, तरी दुकानात त्याचे पाच-सात हजार वाचतील असं मला मनापासून वाटतं.

मग स्क्रीन. मी भाचीला दोन्ही लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायला लावलं आणि खुर्चीवरून उठून उभं राहायला सांगितलं. पहिल्यावर पान राखाडी पडलं आणि अक्षरं उलट्या रंगाची दिसू लागली. तिने स्क्रीन मागे ढकलली, पुढे ओढली. एका विशिष्ट कोनातच रंग धड दिसत होते. तो टीएन पॅनल होता. दुसऱ्यावर ती बाजूला जाऊन उभी राहिली, खाली बसली, पान पांढरंच. तो आयपीएस. दोन्हींच्या खोक्यावर "फुल एचडी" एवढंच छापलेलं. चार वर्षं रोज सहा तास ज्या काचेत बघायचं, तिची परीक्षा अर्ध्या मिनिटात झाली. दाजींनीही करून बघितली आणि त्यानंतर किमतीवर त्यांनी वाद घातला नाही.

रॅमवर मात्र घातला. तोच लॅपटॉप 8 जीबीत एक्केचाळीस हजारांना आणि 16 जीबीत 44,990 ला होता. "तुम्हीच म्हणता ना, बदलता येतं ते नंतर? मग आठ घेऊ, पुढं टाकू." त्यांचं म्हणणं माझ्याच नियमातलं होतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट आहेत ते दिसतं. तिथे पाहिलं, तर 8 जीबी बोर्डवर आणि एक स्लॉट मोकळा, म्हणजे नंतर टाकता आलं असतं. तरी मी 16 चाच आग्रह धरला. पोर एकटी राहणार, मशीन उघडून द्यायला जवळ कुणी नाही, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला दोन वाटांनी, म्हणजे बोर्डवरची आणि स्लॉटमधली एकदम, रॅम मिळाली तर वेगही वाढतो. आयपीएस स्क्रीन, 512 जीबी एसएसडी, चौदा इंच, दीड किलोच्या आत. ताईने बसून दोन ओळी टाइप करून पाहिल्या, कळ दाबली की दबल्यासारखी वाटते म्हणाली, आणि बिल झालं.

डेस्कटॉपची फसगत

डेस्कटॉपच्या बाबतीत आम्ही आधीच एकदा अडकलो होतो, आणि ते इथे लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं.

पुण्याला जायच्या पंधरा दिवस आधी दाजींनी फोनवरून एका विक्रेत्याकडे रिफर्बिश्ड डेस्कटॉप सांगितला होता. मी लिहून दिलं होतं, "आय-5, आठवी पिढी, विंडोज 11." 10,800 रुपये. पार्सल कराडला आलं. कॅबिनेट स्वच्छ पुसलेलं, विंडोज 11 सुरू, वेगही बरा. दाजी खूश. मी व्हिडिओ कॉलवर त्यांना सेटिंग्जमधलं अबाउटचं पान उघडायला लावलं. प्रोसेसर: आय-5 7500. सातवी पिढी. चार कोअर.

विक्रेत्याचं उत्तर होतं, "आय-5 म्हणजे आय-5. विंडोज 11 टाकून दिलंय की." खोच तिथेच होती. अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज 11 बसवता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. आज सगळं ठीक दिसतं आणि अडचण वर्षा-दोन वर्षांनी, टॅली उघडं असताना समोर येते. दाजींनी मशीन परत पाठवलं. पैसे अकरा दिवसांनी आले, येण्याजाण्याचे सातशे रुपये बुडाले. त्या अकरा दिवसांत घरी जे वातावरण होतं, ते सातशेपेक्षा महाग पडलं.

म्हणून पुण्यात दुसऱ्या दुकानात आम्ही काउंटरवरच मशीन लावायला सांगितलं. डेलचं ऑप्टिप्लेक्स 3060, लहान आकाराचं कॅबिनेट, आय-5 8500, सहा कोअर, 8 जीबी, 256 जीबी एसएसडी, 12,500 रुपये. विंडोज अॅक्टिव्हेट झालंय का पाहिलं. अशा कंपनीच्या मशीनमध्ये मूळ परवाना मदरबोर्डमध्येच असतो, तो नेटला जोडला की आपला आपण लागू होतो. तो लागू होत नसेल आणि दुकानदार परवान्याचा वेगळाच कोड टाकून देत असेल, तर तिथेच थांबावं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून एसएसडीचं आरोग्य पाहिलं: 92 टक्के. झाकण काढलं. फुगलेला कपॅसिटर नाही, पंख्यावर धूळ नाही, रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा. वर्षाची वॉरंटी बिलावर हाताने लिहून, शिक्का मारून घेतली.

भाच्याला मात्र स्पष्ट सांगावं लागलं. या लहान कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचंच ग्राफिक्स कार्ड बसतं आणि याचा पॉवर सप्लाय बाजारातल्या नेहमीच्या सप्लायसारखा नसतो, बिघडला तर त्याच जातीचा शोधावा लागतो. मोठे गेम यावर चालणार नाहीत. तो हिरमुसला. मला वाईट वाटलं, पण खोटी आशा लावून घरी नेण्यापेक्षा ते बरं.

बाकीची खरेदी भराभर झाली. बावीस इंची आयपीएस मॉनिटर 6,800. आणखी 8 जीबी रॅम 1,600. कीबोर्ड-माउस 850. ऑफिसातून आलेल्या मशीनला बहुधा वायफाय नसतं, त्यासाठी 500 चा डोंगल. 600 व्हीएचा यूपीएस 2,700. पावसाळ्यात कराडला वीज कशी जाते-येते ते तिथल्यांना सांगायला नको, आणि पोर्टलवर अर्धा फॉर्म भरून झाल्यावर लाइट गेली की काय होतं ते ताईला विचारा. डेस्कटॉपचं सगळं मिळून 24,950. लॅपटॉप धरून 69,940.

सत्तर हजारांत बसलं होतं. मग मी एक टीबीच्या बाहेरच्या डिस्कचा विषय काढला. 4,300. दाजी म्हणाले, जुन्या कॉम्प्युटरचीच डिस्क काढून डबीत घालू, चारशेत काम होईल. बारा वर्षं फिरलेली, आता आवाज करणारी डिस्क बॅकअपला वापरणं मला पटेना. आम्ही दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटं यावरच बोललो. शेवटी ताई म्हणाली, "घ्या. हिशेब गेला तर चार हजारांत परत येणार आहे का?" बुडालेले सातशे धरून एकूण 74,940. बजेट मोडलं, पण या रकमेबद्दल माझ्या मनात तेव्हाही किंतु नव्हता.

स्थलांतर

नवीन मशीन घरी आलं की जुनं लगेच बंद करायचा मोह होतो. टॅलीचा परवाना एका मशीनवर लागू असतो, तो जुन्यावरून आधी सरेंडर करावा लागतो, मग नव्यावर लागू करता येतो. जुनं मशीन मध्येच मेलं असतं तर त्यात दिवस गेले असते. आम्ही आधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, मग सरेंडर, मग नव्यावर टॅली, मग डेटा. मार्च 2025 अखेरचा ताळेबंद दोन्ही पडद्यांवर शेजारी उघडून दाजींनी आकडे जुळवले. जुळल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

ताईचं दुखणं वेगळंच निघालं. तिच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये. नव्या मशीनवर फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. ती घाबरली, सगळं गेलं म्हणाली. गेलं काहीच नव्हतं, फाँट नव्हता. जुन्या मशीनवर जाऊन महत्त्वाच्या सगळ्या फाइलींच्या पीडीएफ केल्या, म्हणजे निदान छापता येतील. पुढचं काम युनिकोडमध्येच करायचं ठरलं. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आयता असतो: के वर क, ई वर काना, डी वर पाय मोडायचा. मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. पहिला आठवडा ती रडकुंडीला आली होती. गणपतीत गेलो तेव्हा सहामाहीचा पेपर न बघता टाइप करत होती.

जानेवारी 2026

सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन सगळं तपासलं. डेस्कटॉप सुरू होऊन टॅली उघडेपर्यंत चाळीस सेकंदांच्या आत. वायफायचा डोंगल मात्र त्रास देत राहिला, संध्याकाळी तुटायचा. शेवटी राउटरपासून खिडकीच्या चौकटीवरून लॅन केबल ओढली आणि प्रश्न मिटला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

रॅमबाबत दाजींच्या आणि माझ्या वादाचा निकाल बाजाराने लावला. 2025 च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांकडून मेमरीला एवढी मागणी आली की कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलं. डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. "नंतर टाकू" म्हणून ठेवलेली 8 जीबी आता कितीतरी महाग पडली असती. त्यामुळे माझ्या नियमात मला दुरुस्ती करावी लागली. एखादी वस्तू नंतर बदलता येते याचा अर्थ ती नंतर आजच्या भावात मिळेल असा होत नाही. रॅमच्या बाबतीत आता मी आजच पुरेशी घ्या म्हणून सांगतो. एसएसडीतली चिप वेगळ्या जातीची असली तरी तीही मेमरीचीच, तिथेही तेच.

भाचीचा लॅपटॉप चांगला आहे. कोपऱ्यावर एक पोचा आलाय, बॅटरी कॉलेजचा दिवस काढते. गेमिंग लॅपटॉपचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. तिच्या वर्गातल्या दोघांनी चार्जर सोबत न्यावा लागतो म्हणून तो रूमवरच ठेवायला सुरुवात केल्याचं तिनेच सांगितलं.

जुनं मशीन भाच्याकडे गेलं. त्याने ते पूर्ण सुटं करून पलंगाखालच्या खोक्यात ठेवलंय, स्क्रूंच्या वेगवेगळ्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर नाव. डिस्क तेवढी दाजींनी काढून कपाटात ठेवली आहे. आणि कॉम्प्युटरच्या टेबलावरच्या भिंतीला जे कॅलेंडर आहे, त्यावर दर शनिवारी निळ्या पेनची एक खूण असते: बॅकअप झाला. मी गेलो तेव्हा ऑगस्टपासूनची पानं मागे उलटून पाहिली. दिवाळीचा एक शनिवार सोडला तर सगळ्या खुणा होत्या.